डायनाच्या शेजारी

वाशीम
३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रियदर्शिनीस,

जयभीम. तू मजेत आहेस असं धरून चालतो, कारण मजेत नसलीस तरी मामाला ते कळवणारी तू नव्हेस.

फोनवर मला आता काही ऐकू येत नाही. उज्ज्वल मध्ये बसून तू काय म्हणालीस ते कानाशी ओरडून सांगतो, पण त्यातलं निम्मं त्याच्या मनाचं असतं. बाप असलो तरी असल्या दुभाष्यावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं आहे ते प्रेमापोटी नाही, डोळ्यांपायी. डॉक्टर म्हणाला, पडदा सुकत चाललाय, दिवाळीपर्यंत वाचून घ्या, पुढे माणसं नुसती हलताना दिसतील. मी म्हटलं, कोर्टात चाळीस वर्षं तेवढंच तर पाहिलं. गाढवाला हसू आलं नाही.

आता काम. हॉक्सबी तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण तुमची पिढी विसरण्यात हुशार. एलायझर हॉक्सबी, ओहायो राज्यातला वकील. तिथे कायदाच होता की गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष कोर्टात घ्यायची नाही. डोळ्यांदेखत खून झाला तरी नाही. हा गडी १८१८ साली विधिमंडळात गेला आणि तो कायदा रद्द करायचं विधेयक त्याने अकरा वेळा मांडलं. अकराही वेळा पडलं. मी एकदाच आमदार झालो, माझं अशासकीय विधेयक पाच वर्षांत चर्चेलासुद्धा आलं नाही. तेव्हा हा माणूस मला एका जुन्या पुस्तकाच्या तळटीपेत भेटला आणि मानगुटीवर बसला तो बसलाच. तीस वर्षं त्याचं चरित्र लिहितोय. साडेतीनशे पानं झाली, शेवटची दोन कोरी आहेत.

कारण असं की १८३६ च्या नोव्हेंबरात हॉक्सबीने एकाएकी वकिली सोडली. दोन वर्षांनी वारला. त्या काळच्या एका वर्तमानपत्रात एवढीच ओळ आहे की ‘डायना नावाच्या धोबिणीच्या खटल्यानंतर ते कोर्टाची पायरी चढले नाहीत.’ त्या खटल्यात काय झालं ते मला कळलेलं नाही. आता म्हणे त्या कोर्टाचे रोजनामे एका अमेरिकन विद्यापीठाने कॉम्प्युटरवर चढवले आहेत. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून ते उघडतील, असं उज्ज्वल म्हणतो. तेवढं एक पान काढ. जे असेल ते पाठव.

तुझा,
भाऊसाहेब मामा


बुकित बातोक, सिंगापूर
२० फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,

सविनय जयभीम. पत्र वाचताना तुमचा आवाजच कानात वाजत होता. पहिल्या वाक्यालाच शालजोडीतला दिलात!

खरंच मजेत आहोत. समीर सकाळी साडेसहाला निघतो, चांगी बिझनेस पार्क म्हणजे आमच्या घरापासून बेटाचं दुसरं टोक, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, रोज त्याचे तीन तास जातात. माझं लॅबमध्ये बॅटऱ्यांवरचं काम चालू आहे. इरा सेकंडरी थ्रीला, म्हणजे आपल्या नववीला आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत येतं. तुमचं पत्र तिने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ‘आजोबा खरंच पेनने लिहितात? सो ओल्ड-स्कूल, ला!’ (हे ‘ला’ म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट.) मग एक फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. तर तुम्ही इथे प्रसिद्ध झाला आहात.

मामा, सहा वर्षं मी आले नाही, याचं तुम्ही पत्रात काहीच बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं. आई गेल्यावर तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून कोर्टात न्यायचात, बाररूममध्ये बाकावर बसून मी गृहपाठ करायचे. माझ्यासाठी तुम्ही जे केलंत त्यापुढे एक पान शोधणं म्हणजे काहीच नाही. लायब्ररीचं लॉगिन आहे. शनिवारपासून बसते.

तुमची,
प्रियदर्शिनी


ईमेल
प्रति : उज्ज्वल
१६ मार्च २०२४

उज्ज्वलदादा,

पान सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

खटला एका गोऱ्या गिरणीमालकावर होता. त्याने डायनाच्या मुलाला मारहाण केली, मुलगा गेला, आणि पाहणारी एकटी डायना. हॉक्सबी डायनाच्या बाजूने नव्हते रे. ते गिरणीमालकाचे वकील होते. ती साक्षीला उभी राहिली आणि हॉक्सबींनी उठून हरकत घेतली की ही बाई काळी आहे, कायद्याने हिची साक्ष चालत नाही. ज्या कायद्याविरुद्ध अकरा वेळा विधेयक आणलं, तोच कायदा! रोजनाम्यात वर आरोपाचा आणि साक्षीदाराचा तपशील आहे, खाली चारच ओळी : ‘श्री. हॉक्सबी यांची हरकत. हरकत मान्य. साक्षीदार खाली उतरली. आरोपी निर्दोष.’

मी तीन वेळा वाचलं. मामांनी तीस वर्षं या माणसाला देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं ठेवलंय. डोळे चाललेत, वय अठ्ठ्याहत्तर. शेवटचं म्हणून त्यांनी हे वाचायचं?

म्हणून मी एक केलंय. हरकत घेणाऱ्याचं नाव बदललं, समोरच्या वकिलाचं घातलं. हॉक्सबी डायनाचे वकील झाले. आणि शेवटी एक वाक्य माझं. मूळ पानाचा स्कॅन खराब आहे असं सांगून नुसतं मराठीत उतरवून पाठवते. समीर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला सुखाने राहू दे. तू सांग, पाठवू का?

प्रिया


ईमेल
प्रति : प्रियदर्शिनी
१७ मार्च २०२४

पाठव. बिनधास्त पाठव. तू इथे नसतेस, मी रोज बघतो. रात्रंदिवस तोंडात तेवढंच, प्रियाचं पान आलं का, प्रियाचं पान आलं का. प्रेसवाला थांबलाय. ओहायोत जाऊन कोण तपासणार आहे? अण्णा हे खरं पान वाचतील तर पुस्तक फाडून टाकतील आणि अंथरूण धरतील. मी कुणाला बोलणार नाही.

उज्ज्वल


बुकित बातोक
१८ मार्च २०२४

ती. मामांस,

सविनय जयभीम. पान मिळालं! स्कॅन फार पुसट आहे, छापून पाठवण्यात अर्थ नाही, म्हणून मराठीत उतरवून देते :

‘१४ नोव्हेंबर १८३६. साक्षीदार डायना, धोबीण. प्रतिपक्षाचे वकील श्री. लॅडलो यांची हरकत की साक्षीदार कृष्णवर्णीय असल्याने अपात्र. श्री. हॉक्सबी यांचा युक्तिवाद ऐकला. हरकत मान्य. साक्षीदार खाली उतरली. श्री. हॉक्सबी यांनी आपले वकीलपत्र न्यायासनापुढे ठेवले व ते साक्षीदाराच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आरोपी निर्दोष.’

हरले तर हरले, पण कसे हरले बघा मामा. आता तुमची दोन पानं भरा आणि पुस्तक प्रेसला जाऊ दे.

तुमची,
प्रियदर्शिनी


वाशीम
२ एप्रिल २०२४

चि. प्रियदर्शिनीस,

जयभीम. पान पोचलं. भिंग लावून चार वेळा वाचलं. मग उज्ज्वलच्या बायकोला हाक मारली आणि चहा मागितला, तर ती म्हणे तुम्ही रडताय का. मी म्हटलं भिंगाने पाणी येतं.

त्या ओहायोच्या कोर्टातला कारकून मोठा हळवा गडी दिसतो. आमच्याकडच्या कारकुनांना ‘हजर’, ‘गैरहजर’ आणि ‘पुढील तारीख’ याखेरीज काही लिहिता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणी असा कागद आणला असता तर सही-शिक्क्याची नक्कल मागितली असती. मूळ दाखवल्याशिवाय मी सख्ख्या भावाचं ऐकलेलं नाही. पण तू पाठवलंस. तुझ्या शब्दावर छापतो. शेवटचं प्रकरण आठ दिवसांत लिहून झालं, तीस वर्षांत असा हात चालला नव्हता. नाव ठेवलंय ‘डायनाच्या शेजारी’. पुस्तकाचंही तेच.

ऑगस्टमध्ये प्रकाशन करायचं उज्ज्वलच्या मनात आहे. येशील का, विचारत नाही. इराची परीक्षा असेल.

तुझा,
मामा


ईमेल
प्रति : प्रियदर्शिनी
१२ ऑगस्ट २०२४

प्रिया,

काल कार्यक्रम झाला. सांस्कृतिक भवन गच्च भरलं होतं, लोक दाराशी उभे. अण्णांना बोलताना धाप लागते म्हणून शेवटचं पान वाचायला एक कॉलेजची मुलगी उभी केली, कादंबरी तिचं नाव. ‘शेजारी जाऊन उभे राहिले’ इथे आली आणि काय सांगू तुला, सगळा हॉल उभा राहिला! प्राचार्य शिरीष सर म्हणाले, हे एक वाक्य मुलांनी भिंतीवर लिहून ठेवावं. आज सकाळी होस्टेलच्या भिंतीवर रंगवलंसुद्धा. साडेतीनशे पानांचं पुस्तक, पण ज्याच्या त्याच्या तोंडी तेवढंच.

एक गोष्ट मात्र विचित्र झाली. कादंबरीची आजी बेबीबाई पहिल्या रांगेत होती. आपल्याच वस्तीतली, पण मी लहान असल्यापासून ती अण्णांशी बोललेली मला आठवत नाही. ती उठून स्टेजवर आली, अण्णांचे हात धरले आणि ढसाढसा रडली. घरी आल्यापासून अण्णा खोलीतच आहेत. जेवले नाहीत. दमले असतील.

उज्ज्वल


वाशीम
२० ऑगस्ट २०२४

प्रियदर्शिनी,

हे पत्र पट्टी धरून लिहितोय, ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे.

मूळ पान पाठव. पुसट असेल तर पुसट पाठव.

मी चाळीस वर्षं रोजनामे वाचले, पोरी. कारकून ‘हरकत मान्य’ लिहितो, ‘साक्षीदार उतरली’ लिहितो. वकील कुठे जाऊन उभा राहिला हे जगातला कुठलाही कारकून लिहीत नाही. त्याला दुपारच्या आत आणखी सहा खटले उरकायचे असतात. आम्ही साक्षीदार पढवायचो तेव्हा तो असाच बोलायचा. विचारलं त्यापेक्षा जास्त, आणि ऐकणाऱ्याला आवडेल असं. पहिल्या वाचनातच ते वाक्य मला खटकलं होतं. खटकलं, तरी छापलं.

उलटतपासणी घेत नाही. खरं काय ते सांग.

भाऊसाहेब


बुकित बातोक
४ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,

मूळ पान सोबत आहे. ते पुसट नाही, स्वच्छ वाचता येतं. पुसट आहे हेही मी खोटंच लिहिलं होतं.

हरकत घेणारे हॉक्सबीच होते. ते गिरणीमालकाचे वकील होते. डायनाला त्यांनीच उतरवलं. शेजारी जाऊन उभं राहण्याचं वाक्य मी आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, दुपारचं जेवताना लिहिलं, नॅपकिनवर, आणि लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा वाटलं, मी तुमच्यासाठी काहीतरी केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुमचं पत्र आलं तेव्हा इरा घरी होती. माझा चेहरा पाहून तिने खोदून खोदून विचारलं. सांगितलं. ती इतकंच म्हणाली, ‘पण हा लाय आहे ना, मम्मी? जस्ट टेल हिम, ला. ही’ज अ लॉयर, ही कॅन टेक इट.’ पंधरा वर्षांची मुलगी, मामा. तिने तुम्हाला दोनदा पाहिलंय, तरी तिला ते कळलं. मी तुमच्या घरात वाढले.

मला वाटलं तुम्ही कोसळाल. तुम्ही पुस्तक फाडून टाकाल. दुरून माणूस म्हातारा होताना बघितला की तो काचेचा वाटायला लागतो, आणि इथे बसून मला तुमचं तेवढंच दिसत होतं. मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही. तुम्ही म्हणाल तर मी स्वतः लिहून देते, वर्तमानपत्रात छापू, दुरुस्तीची चिठ्ठी प्रत्येक प्रतीत चिकटवू. तिकीट काढून येते. चारचौघांत सांगते की हे मी केलं. तुम्ही फक्त सांगा.

प्रियदर्शिनी


वाशीम
६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शिनीस,

जयभीम. तू पाठवलेलं पान मला दिसलं नाही, पुढची सगळी पत्रंही आता मला दिसणार नाहीत. उज्ज्वलने ते कानाशी ओरडून वाचलं. वाचताना कुठे थबकला नाही, तेव्हा त्याला ते आधीच ठाऊक होतं हे कळलं. त्याला काही बोललो नाही. हे पत्र मीच लिहितोय, दोन दिवस लागले. जमेल तसं वाच.

तू घाबरलीस तेवढा मी कोसळलो नाही. उलट पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, हाच तो माणूस. हाच मला हवा होता.

तुला १९९१ ची गोष्ट कुणी सांगितली नसेल. निवडणूक हरलो होतो आणि मला कुणी विचारत नव्हतं. त्यात कापसाच्या जिनिंगवाल्याच्या पोरावर खुनाची केस झाली. मेलेला पोरगा आपल्या वस्तीतला, बेबीचा भाऊ. पाहणारी एकटी बेबी. आरोपीतर्फे मी उभा राहिलो. वकिलाने वकिली करायची असते, असं सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. दोन दिवस तिची उलटतपासणी घेतली. तिने सांगितलं, साडेचारची वेळ होती. मी खिशातलं घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, बाई, आता किती वाजले? तिला घड्याळ कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. भर कोर्टात ती घड्याळाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. लोक हसले. आरोपी सुटला.

त्यानंतर तेहतीस वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

हॉक्सबीचं चरित्र मी का लिहीत बसलो होतो ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. पण आत कुठेतरी वाटायचं की हाही घसरला असणार. एवढा चांगला माणूस एकाएकी कोर्ट सोडतो, त्याने काहीतरी केलेलं असणार. ते सापडलं की शेवटच्या दोन पानांत त्याचं लिहायचं आणि त्याच्या आडून माझं. नाव घालून, तारीख घालून. सरळ ‘मी’ म्हणून लिहायची हिंमत नव्हती. ते पान तुझ्या हाती होतं. आणि तू दुसरं पाठवलंस तेव्हा मला खटकूनही मी नक्कल मागितली नाही, कारण त्या पानाने माझी सुटका होत होती. हॉक्सबी घसरला नाही, मग माझंही सांगायला नको. म्हणजे तू एकटीने नाही केलंस. दोषारोप वाटून घेऊ.

आता दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांचं. प्रकाशनाच्या दिवशी बेबीने माझे हात धरले आणि कानाशी येऊन म्हणाली, ‘भाऊसाहेब, त्या दिवशी तुमी बी मनातून माह्याच शेजारी उभे होते. मले आज समजलं. मी उगाच इतके वर्षं डूख धरला.’ आणि रडली. मी म्हणायला हवं होतं, नाही बाई, मी तिथे नव्हतो. मी समोर होतो, घड्याळ घेऊन. हॉल भरलेला होता आणि मी गप्प बसलो.

त्यानंतर दोनदा रिक्षा बोलावली तिच्याकडे जायला. एकदा दारातून परत पाठवली. दुसऱ्यांदा बसलो, वस्तीच्या कमानीपर्यंत गेलो आणि रिक्षावाल्याला म्हटलं, फिरव. तिला काय सांगू? की तुझ्या भावाला न्याय मिळाला नाही तो नाहीच, आणि गेले दोन महिने जे समाधान मिळालं तेही खोटं होतं, आमच्या भाचीने जेवताना लिहिलेलं? एकदा भर कोर्टात तिचं सगळं काढून घेतलं. दुसऱ्यांदा माझ्याच्याने होत नाही. न सांगावं तर रोज तिला फसवतोय. चाळीस वर्षं कायदा वाचला, यातून बाहेर पडायचं कलम मला सापडत नाही. तू येऊन चारचौघांत सांगू नकोस. येऊच नकोस. तू समोर आलीस तर मी सांगून बसेन. तुझ्यावर राग नाही. पण तुझं पत्र आलं की आता मी ‘इरा बरी आहे’ हेही दोनदा ऐकतो आणि ठरवत बसतो की खरं असेल का. आपल्या दोघांत हे व्हायला नको होतं. झालं.

बेबी आता दर रविवारी येते, कादंबरीला घेऊन. माझे डोळे गेले हे तिला कळलंय, म्हणून दया येते तिला. पोरीला सांगते, आजोबांना त्यांचं पान वाचून दाखव. ती माझ्या उजव्या कानाशी येऊन जोराने वाचते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. डायना उतरली, हॉक्सबीने वकीलपत्र ठेवलं, शेजारी जाऊन उभा राहिला. बेबी पदराने डोळे पुसते, ते मला दिसत नाही, पण बांगड्या माझ्या खांद्याला लागतात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती कानाशी विचारते, ‘असंच झालं होतं ना, भाऊसाहेब?’

आणि मी म्हणतो, हो बाई, असंच झालं होतं.

भाऊसाहेब